मीठ आणि बंदूक : पहिली रायफल निवडणाऱ्यांसाठी

सुरत हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे इ. स. १६६४ चा जानेवारी महिना उभा राहतो. शिवाजी महाराजांच्या त्या स्वारीत जॉर्ज ऑक्झेंडनच्या हुकुमतीखालील इंग्रजांनी बंदुका रोखून आपली वखार राखली, हेही इतिहासात नमूद आहे. त्याच शहरी आज कापडाच्या किंवा हिऱ्याच्या धंद्यातला एखादा गृहस्थ निव्वळ छंद म्हणून नेमबाजी शिकू इच्छितो आणि पहिली रायफल कोणती घ्यावी, असे विचारतो. प्रश्न दुकानातला वाटतो खरा. परंतु त्याचे उत्तर इतिहासात आणि कायद्यात शोधणे अधिक हिताचे आहे, असे आम्हांस वाटते.

बंदूक आपल्या किनाऱ्यावर खेळ म्हणून आली नाही. १५३० साली पोर्तुगीज आरमाराने सुरत जाळली. पुढे अशाच स्वाऱ्यांपासून शहर राखण्यासाठी १५४० च्या दशकात खुदावंदखानाने तापीच्या काठी किल्ला बांधला. तो आजही उभा आहे. गोमंतकीय वाचकांस या फिरंगी पराक्रमाची ओळख वेगळी करून द्यावयास नको. काडतूस आणि पिस्तूल हे आपल्या बोलीत रुळलेले शब्द त्यांच्याच भाषेतून आलेले आहेत. पुढे तोड्याची बंदूक मागे पडली आणि नळीच्या आत मळसूत्री खाचा पाडलेली रायफल पुढे आली. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. नेम ही केवळ दैवाची गोष्ट न राहता अभ्यासाची गोष्ट झाली, ती येथून.

अभ्यासाची ही वस्तू सर्वसामान्य हिंदी माणसाच्या हाती मात्र सुखाने पोहोचली नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हिंदी प्रजेस गुन्हा ठरले; युरोपियनांस मात्र प्रारंभी त्यातून सूट होती. एकाच रस्त्याने चालणाऱ्या दोन माणसांपैकी एकावर विश्वास आणि दुसऱ्याचा संशय, असा हा न्याय होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने हा कायदा बदलण्याची मागणी केली. ती मागणी मागणीच राहिली.

यापुढचा भाग आम्हांस विशेष विचार करण्याजोगा वाटतो. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरील कर रद्द करावा, ही त्यांपैकी एक. आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली द्यावेत, ही दुसरी. एप्रिलच्या ६ तारखेस त्यांनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले, आणि दांडी त्या काळी सुरत जिल्ह्यातच मोडत होती. मीठ साऱ्या जगाच्या स्मरणात राहिले. त्याच यादीतली बंदूक बहुतेकांच्या विस्मृतीत गेली.

अहिंसेच्या उपासकाने बंदुकीचा परवाना मागावा, हे वरवर विपरीत दिसते. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो : ज्याच्या हातातून शस्त्र बळाने काढून घेतले आहे, त्याच्या शस्त्रत्यागास काही मोल नाही. त्याग करावयाचा तर वस्तू आधी आपली असावी लागते. मात्र त्या मागणीतला 'लोकनियंत्रणाखाली' हा शब्दही तितकाच महत्त्वाचा आहे. बेलगाम शस्त्र त्यांनी मागितले नव्हते. त्यांची मागणी विश्वासाची होती, आणि त्या विश्वासाबरोबर येणारी जबाबदारीही त्यांना मान्य होती.

हा विचार स्वातंत्र्यानंतर संस्थारूपास आला तो एका मराठी वकिलाच्या साहाय्याने. दादासाहेब मावळंकरांचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वराजवळील मावळंगे येथले. जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादेची. स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी कारावास भोगला आणि १९५२ साली ते लोकसभेचे पहिले सभापती झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५१ साली, भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि तिचे संस्थापक अध्यक्ष मावळंकरच होते. सभागृहाची शिस्त राखणाऱ्या पुरुषाने नेमबाजीच्या शिस्तीचेही पालकत्व पत्करावे, हे आम्हांस सुसंगतच वाटते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा नवोदितांस आजही राष्ट्रीय स्पर्धेची वाट दाखविते.

पुढे १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याचे तेरावे कलम वकिलाच्या नजरेने वाचण्यासारखे आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाने लक्ष्यवेधाच्या सरावासाठी .२२ ची रायफल अथवा हवेची रायफल मागितली, तर अधिकारी परवाना 'देईल', असे मूळ कायद्यात म्हटले होते. 'देऊ शकेल' असे नव्हे. नाकारण्याची कारणे पुढच्या कलमात वेगळी दिली. एका क्रियापदात मेहेरबानीचा अंत झाला. मात्र हा विश्वास मोकाट सुटलेल्या व्यक्तीवर नाही, क्लबाच्या सभासदावर आहे, हे विसरता कामा नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नवशिक्याची पहिली रायफल ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ इंच नळीची हवेची रायफल असावी, असे आमचे मत आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे नळी या मापाहून मोठी नसेल आणि छऱ्याची ऊर्जा २० जूलहून अधिक नसेल, तर परवाना लागत नाही. तिला धक्का थोडा, खर्च कमी, आणि सरावास दहा मीटरचे अंतर पुरते. दहा मीटर म्हणजे सोपे, असे कोणी समजू नये : स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. नळी मोडून स्प्रिंग दाबण्याची रायफल स्वस्त पडते, पण सुटताना हिसका देते. दाबलेल्या हवेच्या टाकीची महाग, पण शांत. खरेदीपूर्वी क्लबात जाऊन तेथील रायफलीवर काही महिने हात बसवावा. दस्ता खांद्यास टेकवून गाल सहज ठेवला की डोळा आपोआप दृष्टिरेषेत आला पाहिजे. मान वाकवावी लागली तर ती रायफल आपली नव्हे. वजन असे असावे की हात तासाभरानेही थरथरू नये; स्पर्धेत कमाल मर्यादा साडेपाच किलोंची आहे.

.२२ ची रायफल ही दुसरी पायरी. तिला परवाना हवा. २१ वर्षांखालील व्यक्तीस असे शस्त्र बाळगता येत नाही. प्रशिक्षणार्थींसाठी तरतूद वेगळी आहे. आणि हवेची रायफल विनापरवाना मिळते म्हणून झाडावरच्या पाखरांवर ती रोखणाऱ्याने १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा एकदा वाचावा.

लहान नळीने मोठी कीर्ती मिळत नाही, हा समज आपल्याच माणसांनी खोटा ठरविला आहे. अंजली भागवत २००० साली सिडनीस आणि सुमा शिरूर २००४ साली अथेन्सला हवेच्या रायफलीच्याच अंतिम फेरीत पोहोचल्या. .२२ च्या रायफलीवर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळविले, आणि त्याच जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले.

विजयादशमीस आपण घरोघरी शस्त्रांचे पूजन करतो. त्या दिवशी शमीचे स्मरण होते, कारण पांडवांनी अज्ञातवासात आपली आयुधे तिच्यावर जपून ठेवली होती. शस्त्र उचलण्याइतकेच ते नीट ठेवणे हेही क्षात्रधर्माचे अंग आहे, ही शिकवण त्या कथेत आहे. सुरतेच्या त्या गृहस्थाने पहिली रायफल घेताना तिच्या जोडीला एक भक्कम कुलूपही घ्यावे. जो विश्वास मिळविण्यास या देशाला पाऊणशेहून अधिक वर्षे लागली, तो एका घरातल्या उघड्या कपाटामुळे पुन्हा संशयात पडू नये.