यंत्राच्या विद्येचे खरेदीखत

शेत विकत घेणारा शहाणा गृहस्थ पिकाकडे पाहण्यापूर्वी सात-बाराचा उतारा पाहतो. विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याकडे येतो, हे मालमत्तेच्या कायद्यातील जुने तत्त्व होय. हीच कसोटी यंत्राच्या विद्येलाही लावावी लागते, हे मात्र व्यापारी जगाला एकविसाव्या शतकात किंमत मोजून शिकावे लागले.

पहिला धडा माहितीच्या साठ्याने दिला. मॅरियट या अमेरिकन कंपनीने २०१६ साली स्टारवुड ही हॉटेल-कंपनी घेतली. तिच्या आरक्षण-व्यवस्थेत २०१४ पासूनच चोर शिरलेले होते; ते उघडकीस आले २०१८ मध्ये. नव्या युरोपीय कायद्याखालील ढिलाईबद्दल ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० साली १ कोटी ८४ लाख पौंडांचा दंड केला, आणि तो भरावयाचा होता नव्या मालकाने.

दुसरा धडा अधिक कठोर होता. मुलांचे वजन आटोक्यात ठेवण्यासाठी निघालेले ‘कर्बो’ हे मोबाइल-ॲप डब्ल्यूडब्ल्यू इंटरनॅशनल, म्हणजे पूर्वीची वेट वॉचर्स, हिने २०१८ साली घेतले. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून घेऊ नये, असा अमेरिकेत १९९८ चा कायदा आहे. शेकडो मुलांनी नोंदणीच्या वेळी वय वाढवून सांगितले, मागाहून खरी जन्मतारीख भरली, तरीही त्यांचा प्रवेश चालूच राहिला, असा संघराज्य व्यापार आयोगाचा आरोप होता. मार्च २०२२ मधील तडजोडीनुसार कंपनीवर १५ लाख डॉलरांचा दंड बसला. शिवाय, त्या माहितीवरून तयार झालेले अल्गोरिदमही नष्ट करण्याचे बंधन आले. यामागील तर्क सरळ आहे. कागद परत केले तरी त्यांवरून झालेले शिक्षण यंत्रात उरतेच. म्हणून शिक्षणच पुसावे लागते. दंड हिशेबात बसविता येतो. परंतु ज्यासाठी पैसा मोजला ती वस्तूच नाहीशी झाली, तर हिशेब करावयाचा कशाचा?

भांडवल गुंतविणाऱ्यांचा धडा रॉस इंटेलिजन्सच्या कहाणीत आहे. कायदेविषयक संशोधनाचे यंत्र घडविणाऱ्या या कंपनीवर थॉमसन रॉयटर्सने २०२० साली स्वामित्वहक्काचा दावा लावला. दावा चालू असता नवे भांडवल मिळेना, विकत घेणाऱ्यांशी बोलणीही पुढे सरकेनात; २०२१ च्या आरंभी काम थांबले. डेलावेअरच्या न्यायालयाचा प्रतिकूल निर्णय आला तो २०२५ मध्ये. निकालापूर्वी चार वर्षे कंपनी संपली होती.

जमिनीसारखा यंत्राच्या विद्येचा उतारा सरकारी दप्तरात मिळत नाही. तो कराराने निर्माण करावा लागतो. माहिती कोठून आली, कोणाच्या संमतीने आली, कोणत्या कामासाठी आली, हे लेखी घ्यावे. विक्रेत्याकडून हमी आणि नुकसानभरपाईचे वचन घ्यावे. किमतीचा काही भाग ठरावीक मुदतीपर्यंत त्रयस्थाकडे अनामत ठेवावा. सदोष माहितीवर शिकलेले यंत्र वेगळे काढता येईल काय, हे सही करण्यापूर्वीच तज्ज्ञांकडून तपासावे. भारतानेही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला असून त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तथापि कागदी हमीने गेलेले यंत्र परत येत नाही, आणि मुलांच्या पालकांचा विश्वासही परत येत नाही. म्हणून ताबा घेतल्याच्या पहिल्या दिवशीच जुनी चुकीची पद्धत बंद करणे, हाच कोणत्याही करारापेक्षा मोठा बंदोबस्त होय.