विश्वाच्या ताळेबंदातील न्यूट्रिनो

मूलकणांचे शास्त्र आणि विश्वरचनाशास्त्र ही एके काळी दोन स्वतंत्र दालने होती. एकात अणूच्या पोटातील व्यवहार पाहिले जात, दुसऱ्यात दीर्घिकांचे. मधल्या भिंतीला ज्या मोजक्या शास्त्रज्ञांनी दार पाडले, त्यांत १९४० साली नागपुरात जन्मलेले प्रा. रमानाथ कौसिक यांची गणना करावी लागते. नोकरीच्या निमित्ताने गावोगाव बिऱ्हाड हलविणाऱ्या आपल्यासारख्यांना नागपूर, मुंबई, बर्कली, बंगळूर, लडाख, सेंट लुईस ही त्यांच्या कार्यक्षेत्रांची यादी परकी वाटू नये. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असल्यामुळे समीकरणांच्या वाटेला जाणार नाही. मात्र उभा जन्म सरकारी हिशेब पाहण्यात गेल्याने कौसिकांच्या सर्वांत गाजलेल्या संशोधनाची रीत त्याला ओळखीची वाटते.

कौसिकांची जडणघडण झाली ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. होमी भाभांनी तेथे विश्वकिरणांच्या अभ्यासाची परंपरा घालून दिली होती. १९६५ साली या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, विश्वकिरणांमुळे वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंचा माग काढला होता. १९६७ मध्ये यश पाल, तंडन आणि वर्मा यांच्यासमवेत कौसिकांनी ‘गळक्या पेटी’ची कल्पना मांडली. विश्वकिरण आकाशगंगेत जणू पेटीत कोंडल्यासारखे हिंडत असतात आणि त्यांतील थोडे सतत बाहेर निसटत असतात, असा तिचा आशय. विश्वकिरणांचे अभ्यासक आजही या पेटीचा दाखला देतात.

पण त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९७२ मधील एका छोट्या निबंधाने. तेव्हा ते कॅलिफोर्नियातील बर्कली येथे होते. सहलेखक होते मॅक्लेलंड. प्रश्न असा होता : न्यूट्रिनोला वजन असलेच, तर ते जास्तीत जास्त किती? हा कण पृथ्वीच्या आरपार जातो आणि कोणाला पत्ता लागत नाही. म्यूऑनच्या जोडीने येणाऱ्या न्यूट्रिनोबाबत प्रयोगशाळेने घातलेली मर्यादा त्या काळी दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास होती, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाहूनही मोठी. मर्यादा कसली, ती मोकळीकच!

कौसिक-मॅक्लेलंड यांनी प्रयोगशाळेकडे पाठ फिरवून विश्वाचा ताळेबंद उघडला. एखाद्या खात्याचा वेतनावरील एकूण खर्च ठाऊक असावा आणि कर्मचाऱ्यांची संख्या ठाऊक असावी. मग एकही पगारपत्रक न पाहता सरासरी वेतन अमुक रकमेपलीकडे नाही, हे लेखापरीक्षक सांगू शकतो. महास्फोटातून उरलेले न्यूट्रिनो सर्वत्र पसरलेले आहेत. आजच्या गणिताप्रमाणे दर घनसेंटिमीटरला तीनशेहून अधिक. त्यांची संख्या ठरते ती पेंझियस आणि विल्सन यांना १९६५ मध्ये सापडलेल्या आद्य प्रारणावरून. विश्वातील एकूण द्रव्याला वरची मर्यादा मिळते ती प्रसरणाच्या वेगावरून. भागाकार केला आणि उत्तर आले : आठ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. गृहीतकांत पुढे दुरुस्त्या झाल्या, आकडा मागेपुढे सरकला. पण प्रयोगशाळेच्या लाखांच्या जागी आता एकंदहं आले होते. न्याय म्हणून हेही नोंदविले पाहिजे की याच विचाराचा एक हिशेब सोव्हिएत रशियातील गेर्श्टाइन आणि झेल्दोविच यांनी १९६६ मध्येच मांडला होता. त्यांची मर्यादा बरीच सैल होती.

दुसऱ्याच वर्षी या जोडीने आणखी धाडसी पाऊल टाकले. कोमा नावाच्या समूहातील दीर्घिका इतक्या वेगाने धावतात की दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीने त्या एकत्र राहूच नयेत, हे झ्विकी यांनी १९३३ मध्ये दाखविले होते. तो समूह वजनदार न्यूट्रिनोंच्या अदृश्य मेघाने बांधून ठेवला असेल, असे कौसिक-मॅक्लेलंड यांनी सुचविले. विश्वातील हरवलेले द्रव्य नेहमीच्या अणूंचे नसून अशा निसटत्या कणांचे असू शकेल, हे सांगणाऱ्या आरंभीच्या लेखांत या निबंधाची नोंद होते. १९८० मध्ये मॉस्कोच्या एका गटाने न्यूट्रिनोचे वजन तीस इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सुमारास सापडल्याचे जाहीर केले आणि ही कल्पना खरी ठरणार, असे वातावरण निर्माण झाले. ते मापन टिकले नाही. पुढे संगणकावर विश्व रचून पाहणाऱ्यांनी दाखविले की असे वेगवान कण आरंभीच्या लहान गुठळ्या पुसून टाकतात; मग आज दिसतात तशा दीर्घिका घडत नाहीत. १९९८ मध्ये जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगाने न्यूट्रिनोला वजन आहे, हे सिद्ध केले खरे, पण जर्मनीतील मोजणीनुसार ते अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टहूनही कमी आहे. विश्वातील द्रव्यात त्याचा वाटा एक टक्काही नाही. कौसिकांचा आरोपी निर्दोष सुटला. गुन्हा मात्र त्यांनी अचूक जागी दाखविला होता, असे माझे मत आहे. खरा आरोपी अद्याप कोणाच्या हाती लागलेला नाही.

१९८४ मध्ये भटनागर पुरस्कार आणि २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. मधल्या काळात, १९८६ मध्ये निसर्गात पाचवे बल असल्याची हूल उठली, तेव्हा गौरीबिदनूर येथे जमिनीखाली अत्यंत नाजूक तराजू टांगून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याचा शोध घेतला. ते बल आढळले नाही. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे ते १९९२ पासून अकरा वर्षे संचालक होते. लडाखमध्ये हानले येथे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची चंद्र दुर्बीण याच काळात उभी राहिली आणि तिचे नियंत्रण उपग्रहामार्फत बंगळूरजवळच्या होसकोटेहून होऊ लागले. शासकीय कामात ज्याने एखादी इमारत उभी करून पाहिली आहे, त्यालाच या कामाचे मोल कळेल.

न्यूट्रिनोने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातील एका प्रयोगाने जाहीर केले की ७३० किलोमीटरच्या प्रवासात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचले. आइन्स्टाइन कोसळला म्हणून वृत्तपत्रे गर्जू लागली. तेव्हा सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात असलेल्या सत्तरी ओलांडलेल्या कौसिकांनी नुसिनोव आणि उत्पल सरकार यांच्यासह पुन्हा जमाखर्च मांडला : हे न्यूट्रिनो पायॉनच्या विघटनातून जन्मतात, ते प्रकाशाहून वेगवान असते, तर इतकी ऊर्जा घेऊन जन्मलेच नसते. पुढील वर्षी त्या प्रयोगातील एक तंतुवाहिनी नीट घट्ट बसविलेली नव्हती, असे आढळून आले.