हितकारी हुकूमशाही
लोकांच्या संमतीवाचून सत्ता चालविणारा, परंतु ती सत्ता लोकांच्याच कल्याणासाठी राबविणारा एकतंत्री शासक असू शकतो, या गृहीतावर आधारलेली राजकीय कल्पना. अठराव्या शतकातील यूरोपात तिला प्रबुद्ध निरंकुश राजसत्तेचे रूप प्राप्त झाले, तर विसाव्या शतकात नवस्वतंत्र व मागासलेल्या देशांच्या विकासासंबंधीच्या चर्चेत ती पुन्हा पुढे आली. हुकूमशाही आणि हितकारित्व या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात काय, हा प्रश्न मात्र या दोन्ही कालखंडांहून पुष्कळ जुना आहे.

रोमन प्रजासत्ताकात ‘डिक्टेटर’ हे एक वैध पद होते. संकटकाळी अधिकाधिक सहा महिन्यांसाठी एका व्यक्तीच्या हाती सर्वाधिकार सोपविले जात. इ. स. पू. ४५८ मध्ये शेतावरून बोलावून आणलेल्या सिनसिनेटसने सोळा दिवसांत काम उरकून हे पद सोडल्याची कथा परंपरेने जतन केली आहे. सलाने इ. स. पू. ८२ मध्ये कालमर्यादेविना हे पद घेतले, हजारोंची कत्तल करविली आणि पुढे ते स्वेच्छेने सोडलेही; जूलियस सीझरने इ. स. पू. ४४ मध्ये ते तहहयात स्वीकारले. हुकूमशहा या शब्दाला आज जी निंदेची छटा आहे, तिचा उगम मुदतीच्या या लोपात शोधता येतो. ॲरिस्टॉटलने राजा व जुलमी सत्ताधीश यांतील भेद सांगताना सत्ता कोणाच्या हितासाठी वापरली जाते, ही कसोटी लावली होती. ती कसोटी उपयुक्त असली, तरी हित कशात आहे हे ठरवावयाचे कोणी, हा प्रश्न तिच्यामुळे सुटत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत प्रामाणिक प्रयोग म्हणून ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोझेफ (१३ मार्च १७४१–२० फेब्रुवारी १७९०) याच्या कारकीर्दीकडे पाहावे लागते. प्रशियाचा दुसरा फ्रीड्रिख व रशियाची दुसरी कॅथरिन यांची नावे त्याच्या जोडीने घेतली जातात. तथापि कॅथरिनच्या राज्यात भूदासांची स्थिती सुधारण्याऐवजी बिघडली आणि फ्रीड्रिखच्या सुधारणांना लष्करी गरजांची चौकट होती. जोझेफची तळमळ निराळ्या प्रतीची होती. १७६५ मध्ये तो पवित्र रोमन सम्राट झाला. परंतु आई मारिया टेरीसा हिच्या मृत्यूनंतरच (२९ नोव्हेंबर १७८०) हॅब्सबर्ग प्रदेशांची सर्व सूत्रे त्याच्या हाती आली. त्यापुढील नऊ-दहा वर्षांत त्याने हजारो फर्माने काढली.

१७८१ च्या सहिष्णुतेच्या फर्मानाने ल्यूथरपंथी, कॅल्व्हिनपंथी आणि ग्रीक सनातनी ख्रिस्ती यांना खाजगी उपासनेचे व नागरी हक्कांचे दार खुले झाले. जानेवारी १७८२ मध्ये व्हिएन्ना व लोअर ऑस्ट्रिया येथील ज्यूंवरील अनेक अपमानकारक निर्बंध दूर झाले. नोव्हेंबर १७८१ मध्ये बोहीमियातील भूदासांना जमीनदाराच्या परवानगीवाचून विवाह करण्याचे, गाव सोडण्याचे व धंदा शिकण्याचे स्वातंत्र्य मिळाले. चिंतनपर संप्रदायांचे सु. ७०० मठ बंद करून त्यांची संपत्ती धर्मोपदेशकांचे वेतन व शिक्षण यांकडे वळविण्यात आली. व्हिएन्नातील मोठे सार्वजनिक रुग्णालय १७८४ मध्ये सुरू झाले. १७८७ च्या दंडसंहितेने साधारण गुन्ह्यांसाठी देहान्त शासन रद्द केले. यांपैकी बहुतेक सुधारणा कोणत्याही तत्कालीन प्रतिनिधिसभेने मान्य केल्या नसत्या. कारण अशा सभांत सरदार व धर्माधिकारी यांचेच प्राबल्य होते. हितकारी हुकूमशाहीच्या समर्थकांचा सर्वांत बळकट मुद्दा हाच होय, आणि तो सहजासहजी झटकून टाकता येत नाही.

परंतु त्याच दंडसंहितेची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. फाशीऐवजी गुन्हेगारांना साखळदंडांनी जखडून हंगेरीत डॅन्यूब नदीकाठाने जहाजे ओढावयास लावीत. उपासमार, ताप व दलदल यांमुळे त्यांपैकी कित्येक जण अल्पावधीतच मृत्युमुखी पडले. मानवतेच्या तत्त्वापेक्षा श्रमाचा उपयोग आणि शिक्षेची दहशत यांकडे सम्राटाचे लक्ष अधिक होते. १७८४ मध्ये लाकूड वाचविण्यासाठी त्याने तळाशी झडप असलेल्या, पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या शवपेट्यांची सक्ती केली. प्रेत खड्ड्यात सोडून पेटी परत आणावयाची, असा हा हिशेब होता. लोकांत एवढा संताप उसळला, की पुढील वर्षी ही सक्ती मागे घ्यावी लागली. हा प्रकार क्षुल्लक भासला, तरी जोझेफच्या राज्यपद्धतीचे मर्म त्यात आहे : प्रजेचे हित त्याला कळत होते, प्रजा मात्र त्याला कळत नव्हती.

हंगेरीत हे अधिकच तीव्रतेने दिसून आले. राज्याभिषेकप्रसंगी तेथील सनदा पाळण्याची शपथ घ्यावी लागते, म्हणून त्याने अभिषेकच करून घेतला नाही. सेंट स्टीव्हनचा पवित्र मुकुट १७८४ मध्ये व्हिएन्नास आणून ठेवला आणि त्याच वर्षी लॅटिनऐवजी जर्मन ही राज्यकारभाराची भाषा ठरविली. हंगेरियन लोकांनी त्याला ‘टोपीवाला राजा’ असे नाव दिले. १७८४ च्या अखेरीस ट्रान्सिल्व्हेनियात रूमानियन भूदासांचा उठाव झाला. त्याचा पुढारी होरेआ याने पूर्वी व्हिएन्नास जाऊन गाऱ्हाणी मांडली होती आणि सम्राट आपल्याच बाजूचा आहे, अशी उठाववाल्यांची समजूत होती. सम्राटाच्या सैन्याने उठाव मोडून काढला. फेब्रुवारी १७८५ मध्ये होरेआ व त्याचा सहकारी क्लोश्का यांना चाकावर हाडे मोडून ठार करण्यात आले. त्यानंतर काही महिन्यांतच तेथील भूदासांना बोहीमियाप्रमाणे व्यक्तिस्वातंत्र्य देणारे फर्मान निघाले. म्हणजे जे मागण्याबद्दल मृत्युदंड झाला, त्याचाच मोठा भाग वरून देणगी म्हणून मिळाला.

फेब्रुवारी १७८९ मध्ये काढलेले करविषयक फर्मान ही त्याची सर्वांत धाडसी योजना. शेतकऱ्याने उत्पन्नाचे ७० टक्के स्वतःकडे ठेवावेत, सु. १२ टक्के राज्याला व सु. १८ टक्के जमीनदाराला द्यावेत, असे तीत ठरविले होते. तोवर तुर्कांशी सुरू झालेल्या युद्धामुळे (१७८८) महागाई व सैन्यभरती यांचा भार वाढला होता. ऑस्ट्रियन नेदर्लंड्‌समध्ये बंड होऊन जानेवारी १७९० मध्ये त्या प्रांतांनी स्वतःला स्वतंत्र घोषित केले. सुरुवातीस मोकळीक दिलेल्या मुद्रणावर पुन्हा निर्बंध आले आणि गुप्त पोलिसांचे जाळे वाढले. मृत्युशय्येवर असताना जोझेफने हंगेरीतील बहुतेक सुधारणा मागे घेतल्या. सहिष्णुता व भूदासमुक्ती एवढ्यांना मात्र हात लावला नाही. हेतू शुद्ध असूनही सर्व योजना फसलेला राजा येथे विसावला आहे, अशा आशयाचा लेख आपल्या थडग्यावर असावा, अशी त्याची इच्छा होती असे सांगतात. त्याचा भाऊ दुसरा लीओपोल्ट याने १७९० मध्येच करविषयक फर्मान रद्द केले. जहाजे ओढण्याची शिक्षाही त्यानेच थांबविली. वेठबिगारीचे उच्चाटन अखेर सप्टेंबर १८४८ मध्ये, क्रांतीतून निर्माण झालेल्या निर्वाचित संसदेने केले.

समकालीन विचारवंतांपैकी दनी दीद्रोने असा इशारा दिला होता, की न्यायी व प्रबुद्ध राजाची निरंकुश सत्ता हीदेखील वाईटच. लागोपाठ दोन-तीन चांगले राजे लाभल्यास प्रजा विरोध करण्याचा हक्कच विसरून जाईल. इमॅन्युएल कांटने १७९३ मध्ये पितृवत् शासनाला सर्वांत मोठी निरंकुशता म्हटले. कारण त्यात प्रौढ नागरिकांना स्वतःचे हित न समजणाऱ्या मुलांप्रमाणे वागविले जाते. जॉन स्ट्यूअर्ट मिलने १८६१ मध्ये सज्जन हुकूमशहाच्या कल्पनेचे सविस्तर खंडन केले. मात्र ‘मागासलेल्या’ समाजांसाठी हितबुद्धीची निरंकुश सत्ता योग्य असल्याचेही त्याने १८५९ मध्ये लिहून ठेवले होते. मिलने पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कार्यालयात नोकरी केली, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

भारतातील संस्थानांत या प्रश्नाची एक निराळी बाजू दिसते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले; गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडलेले याच स्वरूपाचे विधेयक मात्र पुढील वर्षी मध्यवर्ती विधिमंडळात फेटाळले गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आज्ञेने मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्या काळी मर्यादित मतदारांच्या एखाद्या सभेपुढे हा प्रश्न गेला असता, तर निर्णय असाच झाला असता असे म्हणवत नाही. परंतु हे राजे पूर्णार्थाने निरंकुश नव्हते. सयाजीरावांच्या आधीच्या मल्हाररावांना इंग्रज सरकारने १८७५ मध्ये पदच्युत केले होते. वाईट राजा दूर करण्याची सोय होती; फक्त ती प्रजेच्या हाती नव्हती.

विसाव्या शतकात तुर्कस्तानचा केमाल आतातुर्क (१८८१–१९३८) याचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९२८ मध्ये लिपिबदल, १९३४ मध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार अशा सुधारणा त्याने वेगाने घडवून आणल्या. त्याच्याच प्रोत्साहनाने १९३० मध्ये स्थापन झालेला विरोधी पक्ष लोकांचा पाठिंबा वाढताच तीन महिन्यांत विसर्जित झाला, आणि १९३७-३८ मध्ये डेरसीम भागातील लष्करी कारवाईत हजारो लोक मारले गेले. तथापि त्याने स्थापिलेल्या पक्षाने १९५० च्या निवडणुकीतील पराभव मान्य करून सत्ता सोडली, ही गोष्ट अशा राजवटींत विरळाच म्हणावी लागेल.

याच्या उलट टोकास चीनमधील १९५८ नंतरचा दुष्काळ आहे. ‘मोठ्या झेपे’चा उद्देशही लोकांची जलद उन्नती हाच सांगितला जात होता. पिकांचे फुगविलेले आकडे वर पाठविले गेले, खऱ्या स्थितीविषयी बोलणाऱ्यांना शिक्षा झाल्या आणि कोट्यवधी माणसे दगावली. स्वतंत्र वृत्तपत्रे व विरोधी पक्ष असलेल्या लोकशाही देशात मोठा दुष्काळ पडत नाही, हा अमर्त्य सेन यांचा सिद्धांत बऱ्याच अंशी या अनुभवाच्या अभ्यासातून पुढे आला.

सिंगापूरचा पंतप्रधान ली क्वान यू (१९२३–२०१५) याला हुकूमशहा म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. त्याच्या कारकीर्दीत (१९५९–९०) निवडणुका नियमित होत होत्या. घरबांधणी, शिक्षण व भ्रष्टाचारनिर्मूलन या क्षेत्रांतील त्याचे यश निर्विवाद असल्यामुळेच हितकारी हुकूमशाहीच्या समर्थनार्थ त्याचे नाव पुढे केले जाते. अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली विनाचौकशी स्थानबद्धतेची सोयही त्याच राजवटीत वापरात होती. विरोधी पक्षाचा माजी संसद सदस्य च्या थाय पो याला १९६६ मध्ये अटक झाली. त्याच्यावर खटला कधीच चालला नाही. १९८९ मध्ये त्याची तुरुंगातून सुटका झाली, तरी त्याच्यावरील शेवटचे निर्बंध उठण्यास १९९८ साल उजाडले.