तीन-चार दिवसांचा खेळ आणि निकाल एका होलवर: गोल्फमधल्या ‘प्लेऑफ’चा वाद नेमका काय आहे?

14 जुलै 2024, रविवार. स्पेनसाठी हा दिवस क्रीडा इतिहासात लिहून ठेवावा असा होता. कार्लोस अल्काराझने विम्बल्डन जिंकलं, रात्री फुटबॉल संघाने युरो कप जिंकला. याच दिवशी स्पेनमधल्या वाल्डेरामा कोर्सवर तिसरा स्पॅनिश विजेता ठरला, गोल्फपटू सर्जिओ गार्सिया. त्याने ज्याला हरवलं तो आपला अनिर्बन लाहिरी. लाहिरीचा जन्म पुण्यातला, लष्करी डॉक्टरांच्या घरातला.

‘लिव्ह गोल्फ’ मालिकेतल्या त्या स्पर्धेत शेवटच्या होलवर आला तेव्हा लाहिरी एका फटक्याने पुढे होता. होलजवळच्या हिरवळीवरून चेंडू अलगद ढकलायचा असतो, त्या फटक्याला ‘पट’ म्हणतात. लाहिरीचा असा एक छोटा पट हुकला आणि बरोबरी झाली. मग प्लेऑफ. दुसऱ्या जादा होलवर गार्सियाने बाजी मारली. विजेत्याला 40 लाख डॉलर, उपविजेत्याला साडेबावीस लाख. फरक साडेसतरा लाख डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेचौदा कोटी रुपयांचा. तीन दिवस दोघांनी अगदी सारखे फटके मारले होते आणि हा सगळा फरक पडला दोन होलमध्ये.

हा न्याय झाला का? गोल्फमध्ये या प्रश्नावर अनेक दशकं वाद चालू आहे.

आधी थोडं गणित

गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो. एका फेरीत 18 होल असतात. मोठ्या स्पर्धा सहसा चार दिवसांच्या, म्हणजे 72 होलच्या. (वर सांगितलेली लिव्हची स्पर्धा तीन दिवसांची, 54 होलची होती.) प्रत्येक होल किती फटक्यांत पूर्ण व्हावा याचा एक ठरलेला आकडा असतो, त्याला ‘पार’ म्हणतात. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, दोन कमी लागले तर ‘ईगल’, एक जास्त लागला तर ‘बोगी’.

शेवटी दोन किंवा जास्त खेळाडूंच्या एकूण फटक्यांची बेरीज सारखी आली तर विजेता ठरवायला जादा होल खेळवतात. हाच प्लेऑफ. क्रिकेटमधल्या सुपर ओव्हरचा भाऊ समजा. फरक एवढाच की सुपर ओव्हरचा नियम निदान सगळीकडे जवळपास सारखा असतो. गोल्फमध्ये ज्या चार स्पर्धांना ‘मेजर’ म्हणतात, त्या चौघींचंही यावर एकमत नाही.

चार मेजर, तीन पद्धती

अमेरिकेतल्या मास्टर्समध्ये ‘सडन डेथ’ चालते. एक होल खेळायचा, ज्याचा फटका कमी तो विजेता. बरोबरी राहिली तर पुढचा होल. 2025 मध्ये रोरी मॅकिलरॉयने जस्टिन रोजला इथेच पहिल्या जादा होलवर बर्डी मारून हरवलं आणि चारही मेजर जिंकणाऱ्या मोजक्या खेळाडूंत जाऊन बसला. बिचारा रोज 2017 मध्येही मास्टर्सच्या प्लेऑफमध्ये पहिल्याच होलवर हरला होता. तेव्हा समोर होता हाच सर्जिओ गार्सिया.

यूएस ओपनमध्ये दोन होल खेळवतात आणि त्यांची बेरीज धरतात. पीजीए चॅम्पियनशिप आणि ब्रिटनमधली ‘द ओपन’ इथे तीन होलची बेरीज. त्यानंतरही बरोबरी असेल तर सगळीकडे सडन डेथ.

हे आकडे काही आकाशातून पडलेले नाहीत. दर वेळी ते कमीच होत आलेत. द ओपनमध्ये 1963 पर्यंत प्लेऑफ चक्क 36 होलचा असे. मग 18 होलचा झाला, 1989 मध्ये पहिल्यांदा चार होलचा खेळला गेला आणि 2019 पासून तीन होलचा ठरला. मास्टर्सने 18 होलची पद्धत सत्तरच्या दशकातच सोडली. सगळ्यात जास्त काळ हट्ट धरला तो यूएस ओपनने. रविवारी बरोबरी झाली तर सोमवारी पुन्हा पूर्ण 18 होल, हा नियम त्यांनी 2018 मध्ये बदलला.

तो सोमवार: टायगर वुड्स विरुद्ध रॉको मीडिएट

जुन्या पद्धतीच्या बाजूने बोलणारे एकच उदाहरण देतात, आणि ते तितकं दमदार आहेच.

2008 च्या यूएस ओपनमध्ये जगातला पहिल्या क्रमांकाचा टायगर वुड्स आणि 45 वर्षांचा रॉको मीडिएट बरोबरीत आले. मीडिएटचा जागतिक क्रमांक होता 158. सोमवारी दोघे 18 होल खेळले आणि दोघांचेही 71 फटके झाले. पुन्हा बरोबरी! मग सडन डेथच्या पहिल्या होलवर वुड्स जिंकला. एकूण 91 होल. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनहून वणीला पायी जावं, त्यापेक्षा ही चाल कमी नाही. नंतर कळलं की वुड्सच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटलेला होता आणि पायाच्या हाडाला तडे होते. त्यानंतर शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षात तो पुढे एकही स्पर्धा खेळला नाही.

जुन्या पद्धतीचे समर्थक म्हणतात, 158 व्या क्रमांकाच्या माणसाला वुड्ससमोर पूर्ण दिवस उभं राहायची संधी मिळाली, म्हणून ही लढत अजरामर झाली. रविवारीच दोन होलमध्ये उरकलं असतं तर मीडिएटचं नाव किती जणांना आठवलं असतं?

पण सोमवारी लोक कामावर असतात. प्रेक्षक कमी, टीव्हीचं वेळापत्रक विस्कळीत, पंच-स्वयंसेवक-पोलीस सगळ्यांचा एक दिवस वाढतो आणि खेळाडूंना पुढच्या स्पर्धेचं विमान गाठायचं असतं. वुड्स-मीडिएटसारखा सोमवार दर वेळी मिळत नाही. बहुतेक सोमवार नीरस गेले, हे जुन्या पद्धतीचे चाहते सांगत नाहीत.

सडन डेथमध्ये नशीब किती?

मेजर सोडल्या तर बहुतेक व्यावसायिक स्पर्धा आजही सडन डेथवरच संपतात आणि भारतीय गोल्फचे काही मोठे क्षण त्यातूनच आलेत.

फेब्रुवारी 2015, दिल्ली गोल्फ क्लब, इंडियन ओपनचा शेवटचा दिवस. सकाळी एसएसपी चौरासिया आघाडीवर होता आणि लाहिरी त्याच्या सात फटके मागे. सात फटके म्हणजे खरं तर विषय संपलेला असतो. पण लाहिरीने बरोबरी साधली आणि प्लेऑफच्या पहिल्याच होलवर बर्डी मारून स्पर्धा जिंकली. कोलकात्याच्या गोल्फ क्लबमध्ये ज्याचे वडील मैदानाची निगा राखायचे तो चौरासिया घरच्या सर्वात मोठ्या स्पर्धेत पुन्हा एकदा उपविजेता राहिला.

2012 मध्ये जीव मिल्खा सिंगने स्कॉटिश ओपनमध्ये इटलीच्या फ्रांचेस्को मोलिनारीला असंच पहिल्या जादा होलवर गाठलं आणि त्या एका बर्डीमुळे त्याला द ओपनचं तिकीटही मिळालं. उलटा अनुभव अर्जुन अटवालचा. 2005 मध्ये अमेरिकेतल्या बेलसाउथ क्लासिकमध्ये तो पाच जणांच्या प्लेऑफमध्ये होता. जिंकला फिल मिकल्सन.

आणि पुन्हा लाहिरी. सप्टेंबर 2022, लिव्हची बोस्टनमधली स्पर्धा. डस्टिन जॉन्सन, होआकिन नीमन आणि लाहिरी तिघे बरोबरीत. पहिल्याच जादा होलवर जॉन्सनने लांबून मारलेला पट जोरात होलच्या मागच्या कडेवर आदळला, वर उडाला आणि आत पडला. ईगल. खेळ खल्लास. तोच चेंडू थोडा बाजूला लागला असता तर सरळ पुढे निघून गेला असता. सडन डेथवर टीका करणाऱ्यांना नेमकं हेच खटकतं. एका होलमध्ये एक फटका सगळं ठरवतो. तीन होल असते तर लाहिरीला उत्तर द्यायला अजून दोन संधी होत्या.

दुसरा आक्षेप होल कोणता निवडला यावर आहे. प्लेऑफ सहसा अठराव्या होलवर होतो, कारण तिथे स्टँड आणि कॅमेरे तयार असतात. हा होल लांबलचक, पार पाचचा असेल तर लांब मारणाऱ्याचं फावतं. वाल्डेरामासारखा झाडांनी वेढलेला, पार चारचा असेल तर अचूक खेळणाऱ्याचं. चार दिवस सगळ्या प्रकारच्या 18 होलवर परीक्षा घ्यायची आणि शेवटचा पेपर एकाच धड्यावर काढायचा, असा हा प्रकार.

शिवाय वाट बघण्याचा मुद्दा आहे. एक खेळाडू आपली फेरी संपवून तासभर बसून राहतो, दुसरा नुकताच घामाघूम होऊन शेवटचा पट मारून येतो. कुणाचं अंग थंड पडतं, तर कुणाच्या डोक्यात नुकताच हुकलेला पट फिरत असतो. लाहिरी वाल्डेरामात दुसऱ्या अवस्थेत होता.

मग जास्त होल म्हणजे जास्त न्याय?

इतकं सोपं नाही. 2009 च्या द ओपनमध्ये टॉम वॉटसन, वय 59, शेवटच्या होलवर एका पटने विजयाला मुकला. जिंकला असता तर मेजर जिंकणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला असता. प्लेऑफ चार होलचा होता. स्टुअर्ट सिंकने त्याला सहा फटक्यांनी हरवलं. चार दिवस बरोबरीत खेळलेल्या माणसाचे पाय चार होलमध्ये संपले. सडन डेथ असती तर एखाद्या होलवर त्याने काहीतरी केलंही असतं. म्हणजे लांब प्लेऑफ नशीब कमी करतो, पण दमलेल्या माणसाला माफ करत नाही.

गार्सियाच्या खात्यातही असा एक हिशेब आहे. 2007 च्या द ओपनमध्ये शेवटच्या होलवर पार केला असता तर तो जिंकला असता. बोगी झाली आणि चार होलच्या प्लेऑफमध्ये पॉड्रिग हॅरिंग्टनकडून एका फटक्याने हरला. वाल्डेरामात लाहिरीचं जे झालं, ते 17 वर्षं आधी त्याचं झालं होतं.

तीन होलची बेरीज ही सध्याची सर्वांत समजूतदार तडजोड वाटते. एक चूक भरून काढायला जागा मिळते आणि अंधार पडायच्या आत निकाल लागतो. अंधाराचा मुद्दा किरकोळ नाही. ब्रिटनमध्ये जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, पण दिल्लीत फेब्रुवारीत सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. तिथे सडन डेथ ही आवड नसून गरज असते.

ट्रॉफी वाटून का घेत नाहीत?

एकदा घेतली होती. 1949 मध्ये अमेरिकेतल्या मोटर सिटी ओपनमध्ये केरी मिडलकॉफ आणि लॉइड मँग्रम सडन डेथमध्ये 11 होल खेळले, तरी निकाल लागेना. शेवटी अंधार पडल्यावर दोघांनाही विजेते घोषित केलं.

टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्ण दोघांनी वाटून घेतलेलं सगळ्यांनी पाहिलं, त्या क्लिप आजही फिरतात. त्याच ऑलिंपिकमध्ये त्याच दिवशी पुरुष गोल्फमध्ये मात्र एका कांस्यपदकासाठी सात जणांचा प्लेऑफ झाला. त्यात मॅकिलरॉय होता, जपानचा हिदेकी मात्सुयामा होता. पदक नेलं तैवानच्या सी. टी. पॅनने, चौथ्या जादा होलवर. बाकी सहा जण रिकाम्या हाताने परतले.

सहा दिवसांनी, 7 ऑगस्ट 2021 च्या शनिवारी सकाळी, भारतात अचानक सगळेच गोल्फ बघू लागले. मुकुटबनसारख्या, गोल्फ कोर्सशी काडीचा संबंध नसलेल्या गावातही मोबाइलवर लीडरबोर्ड रिफ्रेश करता येत होता. कारण जागतिक क्रमवारीत 200 व्या स्थानावरची अदिती अशोक पदकाच्या दारात उभी होती. नेली कोर्डा पारपेक्षा 17 कमी फटक्यांवर जिंकली. मोने इनामी आणि लिडिया को 16 वर होत्या, म्हणून रौप्य-कांस्यासाठी त्यांच्यात प्लेऑफ झाला. अदिती 15 वर थांबली. शेवटच्या होलवरचा तिचा बर्डीचा पट आत गेला असता तर तो प्लेऑफ तिघींचा झाला असता आणि तिघींपैकी एक रिकाम्या हाताने गेली असती.

एक गोंधळ मिटवून टाकू

‘फेडएक्स कप प्लेऑफ’ हे नाव दिसलं तर तो वेगळा प्रकार आहे. तो बरोबरी मोडायचा खेळ नाही, तर अमेरिकन मोसमाच्या शेवटी होणाऱ्या तीन स्पर्धांची मालिका आहे. आयपीएलच्या प्लेऑफसारखी. त्यातल्या शेवटच्या स्पर्धेत 2019 पासून अव्वल खेळाडूला सुरुवातीलाच 10 फटक्यांची सूट मिळायची. शर्यतीत एकाला आधीच पुढे उभं करण्यासारखं. त्यावर भरपूर टीका झाली आणि 2025 मध्ये ही सूट काढून टाकण्यात आली.

हुकलेला प्लेऑफ

लाहिरीच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा प्लेऑफ मात्र झालाच नाही. मार्च 2022, द प्लेअर्स चॅम्पियनशिप. पावसाने स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. शेवटच्या होलवर हिरवळीबाहेरून मारलेला चेंडू थेट आत गेला असता तर कॅमेरॉन स्मिथशी बरोबरी झाली असती. नाही गेला, आणि लाहिरी एका फटक्याने दुसरा आला. या स्पर्धेत 2014 पासून तीन होलचा प्लेऑफ असतो: सोळावा, सतरावा, अठरावा. सतरावा म्हणजे पाण्याने वेढलेली ती प्रसिद्ध हिरवळ.

आणि चौरासिया? 2015 च्या त्या एका होलनंतर वर्षभराने तो पुन्हा इंडियन ओपनमध्ये उतरला. या वेळी प्लेऑफची वेळच येऊ दिली नाही. दोन फटक्यांनी जिंकला. संयुक्त दुसऱ्या क्रमांकावर होता अनिर्बन लाहिरी.