कोणत्या कंपनीची गाडी? : मोठ्या मोटरसायकलींच्या अभ्यासाची प्रस्तावना

राळेगणसिद्धी देशाला ठाऊक आहे ती पाणलोटाच्या कामासाठी. मोठ्या मोटरसायकलींच्या अभ्यासाची सुरुवात या गावातून करायला मात्र भूगोलाचं कारण आहे. इथून काही तासांच्या टप्प्यात चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएम आणि ट्रायम्फच्या गाड्या तयार होतात, तर बारामतीला पियाजो ॲप्रिलियाची आरएस 457 बनवते. ज्या किनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये लुना आणली, तिचा कारखाना नगरला आहे आणि वाहनांची कसून परीक्षा घेणारी व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळाही नगरलाच आहे. ऑस्ट्रिया, इंग्लंड आणि इटली या तीन देशांच्या मोटरसायकल-परंपरा आपल्या दुष्काळी पट्ट्याच्या आसपास येऊन स्थिरावल्या आहेत. त्यांच्याकडे अभ्यासाच्या नजरेने पाहणाऱ्या मराठी वाचकाचं या विषयात मनापासून स्वागत.

‘मोठी गाडी’ कशाला म्हणायचं, हा या विषयातला पहिला प्रश्न. सरकारने करापुरती एक रेघ ओढली आहे. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलीवर 18 टक्के जीएसटी लागतो आणि त्यापुढच्या गाडीवर 40 टक्के. गिऱ्हाइकाच्या खिशाला ही रेघ पुरेशी आहे, अभ्यासकाला नाही. सीसी म्हणजे सिलिंडरचं आकारमान. ते कसं वापरायचं हे प्रत्येक कंपनी आपापल्या स्वभावाने ठरवते.

दोन इंजिनं शेजारी ठेवून पाहू. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350 मध्ये सिलिंडरचा व्यास 72 मिलिमीटर आणि स्ट्रोक 85.8 मिलिमीटर आहे. ट्रायम्फच्या 2023 साली आलेल्या स्पीड 400 मध्ये व्यास 89 आणि स्ट्रोक 64. पहिल्यात पिस्टनला लांबचा पल्ला असल्याने इंजिन सावकाश फिरतं. ताकद सुमारे 20 अश्वशक्ती, पण 27 न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क मिनिटाला 4000 फेऱ्यांनाच हाती येतो. दुसऱ्यात पल्ला आखूड, फेऱ्या जास्त. ताकद जवळजवळ 40 अश्वशक्ती, पण ती पुरी मिळायला इंजिन 8000 फेऱ्यांपर्यंत न्यावं लागतं. वजनात क्लासिक 195 किलोची, स्पीड 176 किलोची. टाकळी ढोकेश्वरहून अणे घाटाकडे निघालेल्या दोन स्वारांपैकी एक वरच्या गिअरमध्ये निवांत जाईल, दुसरा गिअर पाडून झपाट्याने पुढे निघेल. दोघांचं समाधान खरं आहे. ‘चांगली गाडी कोणती’ या प्रश्नाला ‘कोणासाठी’ हे शेपूट लावल्याशिवाय अर्थ येत नाही, तो यामुळे.

कंपन्यांचे हे स्वभाव इतिहासाने घडवलेले आहेत. बीएमडब्ल्यूने 1923 मध्ये आर 32 काढली, तेव्हा दोन सिलिंडर समोरासमोर आडवे बसवले आणि मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट दिला. ती घडण आजही त्या कंपनीची ओळख आहे. हार्लेने 45 अंशांच्या व्ही-ट्विनची साथ सोडली नाही. 1969 मध्ये होंडाने सीबी 750 आणली. एका ओळीत चार सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक असलेली ही गाडी सर्वसामान्य स्वाराला परवडण्याजोगी होती, आणि तिने ब्रिटिश कंपन्यांचं वर्चस्व मोडलं. आपल्याकडे 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली, त्यामागे लष्कराची बुलेटची मागणी होती. इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, बुलेट मात्र भारतात टिकली.

टिकण्याचा हा प्रश्न नगरने अगदी जवळून पाहिला आहे. 2018 मध्ये किनेटिक समूहाच्या मोटोरॉयलने नॉर्टन, एमव्ही ऑगस्टा, एसडब्ल्यूएम, एफबी मोंडियाल आणि ह्योसंग अशा परदेशी कंपन्यांच्या गाड्या एका छताखाली आणल्या. त्यांच्या जुळणीसाठी जागा ठरली ती नगर. मोठं धाडस होतं ते. पण जानेवारी 2020 मध्ये 1898 मध्ये सुरू झालेली नॉर्टन इंग्लंडमध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली आणि एप्रिलमध्ये टीव्हीएसने ती विकत घेतली. एवढ्या जुन्या नावाचंही भवितव्य काही महिन्यांत पालटू शकतं. म्हणून गाडी निवडणाऱ्याने कंपनीचा ताळेबंद आणि देशातलं तिचं जाळं हेही इंजिनाइतकंच बारकाईने तपासायला हवं.

गावात राहणाऱ्या स्वारासाठी तर हा प्रश्न आणखी रोकडा होतो. सर्व्हिस सेंटर नगरला आहे की पुण्यालाच जावं लागतं? क्लच प्लेट किंवा चेन-स्प्रॉकेट संच किती दिवसांत मिळतो? चाक ट्यूबलेस आहे की तारांचं, ट्यूबवालं? ट्यूबलेस टायरचं पंक्चर रस्त्याच्या कडेला जागेवर काढता येतं. तारांच्या चाकात ट्यूब असेल तर आधी चाक खोलावं लागतं, आणि दोनशे किलोच्या गाडीला मेन स्टँड नसेल तर ते एकट्याचं काम नाही. शोरूममध्ये हे कोणी आपणहून सांगत नाही. विचारावं आपणच लागतं.

पुढील पानांत इंजिनाची घडण, कंपनीचा इतिहास आणि सेवेचं जाळं ही तीन अंगं याच क्रमाने येतील. गाडी निवडताना मात्र क्रम उलटा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे: आधी जाळं, मग कंपनीचं स्थैर्य, शेवटी इंजिन. इंजिनाचा मोह आपोआप होतो, बाकी दोन्ही अभ्यासानेच कळतात. वाचकांनी ही पानं वाचावीत, आपल्या रस्त्यांवर ताडून पाहावीत, ओळखीच्या मिस्त्रीशी त्यांवर वाद घालावा, आणि मगच बुकिंगचे पैसे भरावेत.

राळेगणसिद्धी, ता. पारनेर