साखरेच्या घरची बिनसाखरी गोळी

साखर विकून नांवारूपास आलेलें एखादें घर पुढें 'यांत साखर नाहीं' असें अभिमानानें सांगूं लागलें, तर मधल्या काळांत जगाच्या समजुतींत मोठा पालट झाला असला पाहिजे, असें अनुमान कोणीही करील. तोंडाचा वास झांकणाऱ्या 'स्मिंट' नांवाच्या पेपरमिंटच्या गोळीचा इतिहास हा अशाच पालटाचा इतिहास आहे. वस्तु क्षुल्लक खरी. पण काळाची पाउलें क्षुल्लक वस्तूंवरही उमटतात.

या गोळीचें मूळ घर स्पेन देशांतील 'चुपा चुप्स' हें होय. मुलें गोळी तोंडांतून वारंवार बाहेर काढतात व हात चिकट करून घेतात, हें पाहून एन्रिक बेर्नात या गृहस्थांनीं १९५८ सालीं काडीला लावलेली गोळी विकावयास काढली. स्पॅनिश भाषेंत 'चुपार' म्हणजे चोखणें. नांव त्यावरून पडलें. १९६९ सालीं साल्वाडोर दाली या विख्यात चित्रकारानें तिचें बोधचिन्ह रेखाटून दिलें. या युक्तीनें मुलांचे हात स्वच्छ राहिले; दांतांचा विचार मात्र तींत नव्हता. गोळी जितका वेळ चोखावी, तितका वेळ साखर दांतांस लागून राहावयाची!

तोंडांतील जंतु साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानें दांतांचें कवच झिजतें, हें शास्त्रज्ञांस पूर्वींच कळलें होतें. साखरेस पर्याय मात्र सिद्ध व्हावयाचा होता. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत फिनलंडमधील तुर्कू येथें साखरेऐवजीं झायलिटॉल देऊन सुमारें दोन वर्षें प्रयोग करण्यांत आला. तेव्हां झायलिटॉल खाणारांच्या दांतांस कीड फारच थोडी लागल्याचें दिसून आलें. हा पदार्थ एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञास १८९१ च्या सुमारासच ठाऊक झाला होता. त्याचा उपयोग उमगण्यास मात्र जवळजवळ ऐंशीं वर्षें लागलीं.

पुढें १९९४ सालीं, काडीवरच्या गोळीच्या याच घरानें स्मिंट बाजारांत आणली. लहानशी तिकोनी गोळी, एकेक सुटी पडेल अशी डबी आणि 'स्मिंट नाहीं, तर चुंबन नाहीं' अशा अर्थाची जाहिरात, असा तिचा थाट होता. २००६ सालीं हें घर पर्फेटी व्हॅन मेले या इटालियन-डच कंपनीनें विकत घेतलें.

साखर नाहीं, तर गोडी कोठून येते? अशा गोळ्यांच्या डबीवर बारीक अक्षरांत प्रकारपरत्वें सॉर्बिटॉल, झायलिटॉल, अ‍ॅस्पर्टेम अशीं नांवें आढळतात. सॉर्बिटॉल हा पदार्थ बूसिंगो या फ्रेंच पंडितास १८७२ सालीं रोवन झाडाच्या फळांत सांपडला. त्याची गोडी साखरेच्या सुमारें ६० टक्के असते. तो विरघळतांना उष्णता शोषून घेतो, म्हणून तोंडांत गार लागतो. आणि फार खाल्ल्यास पोट बिघडवितो. अ‍ॅस्पर्टेमचा शोध १९६५ सालीं जेम्स श्लॅटर यास कागद उचलण्यासाठीं बोट चाटतांना अकस्मात् लागला. त्याची गोडी साखरेच्या सुमारें २०० पट असते. परंतु फिनिलकीटोन्यूरिया नांवाचा जन्मजात विकार असणारांस तो वर्ज्य आहे.

आतां मुख्य प्रश्न वासाचा. तोंडाची दुर्गंधि बहुधा जिभेच्या मागील भागावर वाढणाऱ्या जंतूंनीं सोडलेल्या गंधकयुक्त वायूंपासून उत्पन्न होते. पेपरमिंटमधील मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंस चाळवितो आणि तोंड स्वच्छ झाल्याचा भास होतो. मळ मात्र जेथल्या तेथेंच राहतो. म्हणून या गोळीचें आम्हांस अर्धेंच कौतुक वाटतें. साखर गेली, हा दांतांचा खरा लाभ होय. त्याचें श्रेय तिला अवश्य द्यावें. पण 'साखर नाहीं' या मोठ्या अक्षरांनीं काय नाहीं तेवढेंच कळतें. काय आहे तें बारीक अक्षरांत वाचावें लागतें, आणि काय होत नाहीं तें तर कोठेंच लिहिलेलें नसतें. आमच्या घरांतून सकाळीं जिभलीनें जीभ खरवडण्याची जुनी चाल आहे. तिला ना बोधचिन्ह, ना जाहिरात; पण मळ जेथें असतो तेथपर्यंत ती पोंचते. गोळी खुशाल चघळावी. मात्र जिभलीचें काम तिच्यावर सोंपवूं नये.