सुरत ते जळगाव विमानाने अंतर किती? वेळ किती लागतो?

उधना, लिंबायत, डिंडोलीत राहणाऱ्या खानदेशी माणसाला गावाकडून अचानक निरोप आला की आता मोबाइलवर पहिल्यांदा हेच शोधलं जातं. उत्तरही लगेच मिळतं: ३०० किलोमीटर, ३५-४० मिनिटं. आकडा बरोबर आहे. पण त्या भरवशावर बॅग भरू नका, कारण या दोन विमानतळांमध्ये थेट प्रवासी विमान नाही. अंतर सांगणारी पानं नकाशावरच्या दोन बिंदूंमधली सरळ रेघ मोजतात आणि तिला वेगाने भागतात. विमान आहे की नाही, हे ती बघत नाहीत.

ही रेघ जवळपास पूर्व-पश्चिम जाते, कारण दोन्ही विमानतळ २१ अंश अक्षांशाच्या आसपास आहेत. नवापूरच्या थोडं दक्षिणेकडून ती महाराष्ट्रात शिरते आणि साक्री, धुळ्याच्या उत्तरेने जळगावला पोचते. (नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात, विमानातून ते दिसायच्या आत मागे पडेल.)

उद्या सेवा सुरू झालीच तर वेळ किती लागेल? जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची, म्हणजे एटीआरसारखं पंख्याचं विमान धरायचं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. हिशेबाने ३६ मिनिटं होतात, पण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं धरून वेळापत्रकात तासभर तरी लागेल. त्यात डिंडोलीहून डुमस रोडच्या विमानतळापर्यंत एक तास, तिथे तासभर आधी हजर राहणं आणि जळगावला बाहेर पडायला अर्धा तास. घरापासून साडेतीन तास झाले.

आज विमानानेच जायचं म्हटलं तर वळसा पडतो. मुंबईमार्गे हवाई अंतर सुमारे २२५ अधिक ३५५, म्हणजे ५८० किलोमीटर. अहमदाबादमार्गे ते ६०० च्या वर जातं. वर मधल्या विमानतळावरचं थांबणं वेगळं. शिवाय जळगावची सेवा उडान योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून कंपन्या आल्या-गेल्या. त्या दिवशी, त्या वारी विमान आहे का, हे पाहूनच तिकीट काढा.

रेल्वेचं पाहा. उधना-जळगाव लोहमार्ग सुमारे ३०६ किलोमीटर, दुहेरी आणि विजेचा. तापीच्या खोऱ्यातून जात असल्याने फार वळणं नाहीत, म्हणून रुळाचं आणि आकाशातलं अंतर इतकं जवळ आहे. नवजीवन, ताप्ती गंगासारखी एक्स्प्रेस साधारण पाच-साडेपाच तासांत जळगावला नेते. धुळ्यावरून रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर पडतं आणि गाडीला सहा तास धरावेत.

म्हणजे थेट विमान आलं तरी जळगाव शहरवाल्याचे दीड-दोन तास वाचतील. अमळनेर, धरणगाववाल्याचं काय? त्यांची स्टेशनं सुरतहून येताना जळगावच्या आधी लागतात. विमानाने आले तर स्वतःच्या गावावरून पुढे जाऊन पुन्हा मागे यायचं! नंदुरबार, दोंडाईचावाल्यांनी तर हा विचारही करू नये. मयतीला वेळेत पोचायचं असेल तर आधी उधन्याहून सुटणारी पुढची गाडी बघा, आरक्षण नसेल तरी जनरलचं तिकीट मिळतं. रात्रीची गाडी चुकली तर खाजगी लक्झरी.